ड्रॅगनला आधी खाऊ घाला, मग उडवा : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल तेव्हा मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर मोर्चे अडवलेले असतीलच. आमची मागणी मोर्चा काढण्याएवढी मोठी नाही, तिला फारसा निधीही लागत नाही, म्हणून पत्रावरच भागवतो. शाळा, तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनांत ‘काल्पनिक प्राणी’ असा स्वतंत्र गट सुरू करावा. सातवी ते दहावीच्या मुलांनी एक प्राणी रचायचा आणि तो जगतो कसा, हे आकडे मांडून पटवून द्यायचं.

प्राणी कोणताही चालेल, पण ड्रॅगन सर्वांत सोयीचा. तो प्रत्येक मुलाला माहीत असतो आणि जवळजवळ प्रत्येक जण तो चुकीचा रचतो. आम्ही काही जीवशास्त्र शिकवणारे, काही चित्र काढणारे आणि गोष्टी लिहिणारे नागपूरकर मिळून ‘काळपठार’ नावाचं एक जग रचतो. खालची उदाहरणं तिथली आहेत. हिशेब मात्र आपल्याच पृथ्वीच्या विज्ञानाचा.

मूल आधी तोंडातला जाळ काढतं, मग पंख, मग खवले. पोटाचा विचार शेवटी, बहुधा नाहीच. क्रम उलटा हवा. समजा ड्रॅगन ३०० किलोचा आणि गरम रक्ताचा आहे. प्राण्याच्या वजनावरून त्याची ऊर्जेची गरज सांगणाऱ्या क्लायबरच्या नियमाने किलोतल्या वजनाचा ०.७५ घात काढून त्याला ७० ने गुणलं, की नुसतं पडून राहायलाच दिवसाला सुमारे ५,००० किलोकॅलरी लागतात. शिकार आणि उड्डाण धरून तिप्पट करा : १५,०००. एका किलो मांसातून साधारण १,५०० मिळतात असं धरलं तर रोज १० किलो मांस हवं. ५० किलोच्या चितळातलं ३५ किलो खाण्याजोगं मानलं, तर वर्षाला शंभरावर चितळं लागतील. कळप टिकवायचा तर वर्षाकाठी दहातलं एकच मारून चालतं; म्हणजे एका ड्रॅगनमागे हजार चितळं. ताडोबा-पेंचच्या आसपासच्या मुलांना वाघाचा हिशेब ऐकून माहीत असतो : वर्षाला पन्नासेक शिकारी, त्यासाठी पाचशेचा कळप. एक ड्रॅगन दोन वाघांचं खातो म्हटल्यावर ‘प्रत्येक डोंगरावर एक ड्रॅगन’ ही कल्पना वर्गातच गळून पडते, कुणी रागवावं लागत नाही.

म्हणून काळपठारावरचे ड्रॅगन आम्ही थंड रक्ताचे केले. खाणं साधारण दहाव्या हिश्श्यावर आलं, शंभराच्या कळपात भागतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. सकाळी दहापर्यंत तो कड्यावर ऊन खात बसतो. काळा खडक तापून हवा वर चढू लागली, की गिधाडासारखे पंख पसरून तिच्यावर तरंगतो. पंख मारत फार वेळ उडणं त्याला झेपत नाही. भरपेट जेवल्यावर तर उठवतच नाही. कोमोडो ड्रॅगन हा खराखुरा सरडा एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो. आमचा ड्रॅगन ६० किलो खाल्लं तरी तीन दिवस जमिनीवरच. त्या तीन दिवसांत त्याला कुणीही मारू शकेल, म्हणूनच जेवलेल्या ड्रॅगनवर हत्यार उचलायचं नाही हा काळपठारावरचा सर्वांत जुना कायदा.

आता पंख. जमिनीवरच्या पृष्ठवंशी प्राण्यांना एकाच पूर्वजाकडून आलेले हातपाय मिळून चारच. पक्षी, वटवाघळं आणि टेरोसॉर (डायनोसॉरच्या काळातले उडणारे सरपटणारे प्राणी) यांनी पुढचे दोन देऊन पंख घेतले. सह्याद्रीतल्या जंगलात दिसणाऱ्या उडत्या सरड्याने वेगळी वाट काढली : लांब वाढलेल्या बरगड्यांवर कातडी ताणली आणि चारही पाय राखले, पण त्याला फक्त तरंगत खाली येता येतं. मुलाने चार पाय आणि दोन पंख काढले तर गुण कापू नयेत. एवढंच विचारावं, की तुझ्या जगातल्या बेडकांना, उंदरांना, गायींना किती पाय आहेत?

आकाराचं गणित थोडक्यात. लांबी दुप्पट केली तर पंखाचं क्षेत्रफळ चौपट आणि वजन आठपट होतं, त्यामुळे हवेत टिकायला लागणारा किमान वेग वाढतो. क्वेट्झलकोएटलस हा प्रचंड टेरोसॉर १०-११ मीटर पंखविस्ताराचा होता, त्यापलीकडे जायचं तर जगच बदलावं लागतं. आम्ही गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ०.८ पट आणि हवा दीडपट दाट ठेवली. १८ चौरस मीटर पंखाच्या ३०० किलो ड्रॅगनला पृथ्वीवर ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास किमान वेग लागला असता, तिथे ३५ पुरतो. पण हवा दाट म्हणजे प्राणवायूही दाट, आणि आग पटकन पसरते. म्हणून काळपठारावर गवती छप्पर कुणी घालत नाही.

जाळाचं बोलायलाच हवं. मुलं हमखास ‘पोटातला गॅस’ लिहितात. गायीच्या पोटात दिवसाला दोनशे-तीनशे लिटर किंवा त्याहून जास्त मिथेन तयार होतो हे खरं, पण तो चारा कुजवून. मांस खाणाऱ्याकडे तेवढा मिथेन यायचा कुठून? शिवाय हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असेल तरच तो पेटतो. त्यापेक्षा बॉम्बार्डियर भुंगेरा पाहावा. तो हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका पिशवीत साठवतो, वेळ आली की दुसऱ्या जाड भिंतीच्या कप्प्यात विकरांशी मिसळतो, आणि १०० अंशांच्या आसपासचा फवारा बाहेर पडतो. आमच्या ड्रॅगनकडे असं तीन लिटर द्रावण आहे. एकदा वापरलं की भरायला आठवडा लागतो, म्हणून तो ते शिकारीवर उधळत नाही, घरट्यासाठी राखतो.

आणि घरटं हीच काळपठारावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सोन्याच्या ढिगावर बसलेला ड्रॅगन चित्रात छान दिसतो, पण किलोला किलो धरलं तर सोनं काळ्या बेसाल्टच्या सुमारे सहाव्या हिश्श्याएवढीच उष्णता साठवतं. आमची मादी काळे दगड जमवते, मुठीएवढ्यापासून नारळाएवढे. खाली हातभर वाळू, तिच्यात अंडी, आणि भोवती दगडांचं कडं. वर मात्र एकही नाही, नाहीतर टरफल तडकतं. ४०० किलो दगड रात्रीतून १० अंशांनी निवले तर सुमारे ३,४०० किलोज्यूल उष्णता सोडतात, जवळजवळ एक युनिट विजेएवढी. आपल्याकडच्या मगरीत पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं : साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर, त्याहून थंडाव्यात माद्या. हाच नियम आम्ही ड्रॅगनला लावला. आता कुणी पाटा-वरवंटा घडवायला त्या कड्यातले निम्मे दगड उचलून नेले तर काय होईल? अंडी मरणार नाहीत. पिल्लंही धडधाकट निघतील, सगळ्या माद्या. चोरी ध्यानात येईपर्यंत एक पिढी गेलेली असेल. म्हणून तिथे पाट्याचा दगड नदीतलाच घ्यायचा असा दंडक आहे, आणि लग्न झालेलं जोडपं देवदर्शनाआधी एक काळा दगड डोंगरकड्याच्या पायथ्याशी ठेवून येतं. रूढी अशी शरीरातून उगवली पाहिजे. वरून चिकटवलेल्या रूढीला आमच्या मते शून्य गुण द्यावेत.

विदर्भातल्या शाळांना आणखी एक प्रश्न हक्काने विचारता येईल : तुमच्या ड्रॅगनच्या विष्ठेत काय सापडेल? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिजदुऱ्याला डायनोसॉरच्या काळातली विष्ठा जीवाश्मरूपात मिळते, आणि तिच्यातल्या, गवताच्या पेशींत बनणाऱ्या सिलिकाच्या सूक्ष्म कणांवरून त्या काळी गवत होतं हे २००५ साली जगाला कळलं. मांसाहारी ड्रॅगनची विष्ठा हाडांच्या चुन्याने तरसाच्या विष्ठेसारखी पांढरी पडेल. ज्या मुलाने एवढा विचार केला त्याला आमच्यातर्फे पाच गुण जास्त.

राहिली अंमलबजावणी. दोन पानं हिशेब, एक पान चित्र, एक पान त्या जगातल्या माणसांच्या चालीरीती. थर्माकोलचे पुतळे नकोत. ५० गुणांत अन्न आणि ऊर्जेला २०, शरीररचनेला १५, चालीरीतींना १०, चित्राला ५. परीक्षक तीन असावेत, जीवशास्त्राचे, भौतिकशास्त्राचे आणि मराठीचे. पालकांनी करून दिलेला प्रकल्प ओळखायचा उपाय सोपा आहे : परीक्षकाने एक आकडा बदलावा. ‘ड्रॅगन ६०० किलोचा केला तर कळप केवढा?’ ज्याने स्वतः केलंय तो पेन्सिल मागतो.

रविनगरच्या राज्य विज्ञान शिक्षण संस्थेकडून याची एकपानी मार्गदर्शिका करून घ्यावी आणि पहिल्या वर्षी फक्त नागपूर जिल्ह्यात हा गट चालवून पाहावा. मार्गदर्शिकेचा मसुदा, सोडवलेल्या गणितांसह, आम्ही विनामोबदला लिहून देऊ.

आपले,
काळपठार रचणारे काही नागपूरकर