यंदा डोंगराची राखण गुराख्यांकडे, हातभार आपला

गावातल्या आणि पोटासाठी सुरत, नाशिक, पुण्याला गेलेल्या सर्व भाऊ-बहिणींना नमस्कार.

मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात डोंगराची माती नाल्याने पांझरा नदीला जाते. बंधारा गाळाने भरतो, फडाचे (सामाईक सिंचनाच्या शेतीचे) पाट बुजतात, काठच्या विहिरींना आठ-आठ दिवस गढूळ पाणी. कारण डोळ्यांसमोर आहे. जूनमध्ये फुटलेला कोंब गुरं-मेंढ्या लगेच खुडतात, पवन्या-मारवेलसारखं चाऱ्याचं गवत बी धरेपर्यंत उरतच नाही. उघडी जमीन खुरांनी घट्ट होते, पाणी मुरत नाही, वाहून जातं.

मागे आपण सरळ चराईबंदी केली होती. आपल्याच तालुक्यातल्या बारीपाडा गावात चैत्राम पवारांच्या पुढाकाराने ती गावाने मनापासून पाळली आणि जंगल उभं राहिलं. धुळे तालुक्यातल्या लामकानी गावच्या डोंगरावरही गवत परतलं. आपल्याकडे मात्र ती मोडली, कारण ज्यांची गुरं चरतात त्यांना आपण बैठकीला बोलावलंच नव्हतं. एका ठेलारी (मेंढपाळ) आजोबांनी तेव्हा विचारलं होतं, "मंग ढोरं कोठे लई जाऊत?" त्यांच्या मेंढ्या बसल्या की आपल्याच शेताला लेंडीखत मिळतं, आणि त्यांच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नव्हतं. ती चूक समितीची होती.

या वेळी ठेलारी कुटुंबं, गावातले गुराखी आणि शेळीवाल्या बाया यांच्यासोबत बसून ठरवलं आहे. डोंगराचे तीन भाग करायचे. दरवर्षी एक भाग दिवाळीपर्यंत बंद. तिथलं गवत बी पडल्यावर विळ्याने कापून न्यायचं, मगच जनावरं सोडायची. कोणता भाग आधी बंद ठेवायचा हे त्यांनीच सांगितलं. कुठलं गवत कधी पिकतं, हे त्यांच्याइतकं आपल्यातल्या कुणालाच माहीत नाही. राखणही तेच करणार आहेत.

पण बंद भागाच्या बदल्यात पावसाळ्याचे पहिले दोन महिने वैरण द्यावी लागेल, आणि अडचण तिथेच आहे. ज्यांच्याकडे कडबा शिल्लक आहे त्यांनी पेंढ्या द्याव्यात. बाहेरगावच्यांनी राखणदारांची मजुरी आणि दोन पाण्याच्या हौदांसाठी जमेल ती रक्कम द्यावी. हौद नाल्यापासून लांब बांधू, म्हणजे काठ तुडवले जाणार नाहीत. रक्कम ग्रामपंचायतीत पावती घेऊनच द्या. हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, तुम्हीही या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला घळींमध्ये दगडी बांध घालायचे आहेत. टिकाव, घमेलं आणि मारवेलची ठोंबं असतील तर ती ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा. पाऊस पडेपर्यंत ती शाळेजवळच्या वाफ्यात जगवू.

आपली,
ग्राम पाणलोट समिती, ता. साक्री, जि. धुळे