तोंडाचा कॅन्सर आणि 20 मिलिग्रॅमचा डोस

संपादक साहेब,

कॅन्सरच्या नवीन औषधांचं नाव निघालं की घरोघरी पहिला प्रश्न एकच, विकायचं काय, शेत का दागिने? सेटुक्सिमॅब हे हेड अँड नेक, म्हणजे तोंड-घसा वगैरेच्या, कॅन्सरचं टार्गेटेड इंजेक्शन अमेरिकेत 2006 पासून आहे, पेशीवरच्या ईजीएफआर नावाच्या रिसेप्टरला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) ते चिकटतं आणि वाढीचा सिग्नल अडवतं, पण आपल्याकडे किती जणांना परवडलं ते सांगायला नकोच.

म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलचं काम मला भारी वाटतं. त्यांनी मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब अशा साध्या गोळ्या दिल्या, यातली एर्लोटिनिब त्याच ईजीएफआरवर काम करते, आणि सोबत निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं, इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, जिथे नेहमीचा डोस दोन आठवड्यांना 240 असतो! 2022 मध्ये रिझल्ट आले: आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या पेशंटमध्ये एक वर्षानंतर जिवंत असलेले नुसत्या गोळ्यांवर 16.3 टक्के आणि इंजेक्शनसोबत 43.4 टक्के.

आता प्रॉब्लेम असा की निवोलुमॅबची छोटी बाटली 40 मिलिग्रॅमची येते, म्हणजे एकाच पेशंटसाठी फोडली तर अर्धी वाया. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन पेशंटना एकाच दिवशी बोलावून ती वाटून देता येणार नाही का? सरकारी योजनेत असा डोस बसवायला काय अडचण आहे, हे आरोग्य खात्याने एकदा सांगावं.

– एक वाचक, सोलापूर