पेन्सिलीनं आठ डबे आखून देणाऱ्या काकांना

नागपूर

काका, सप्रेम नमस्कार.

नवतपातल्या त्या दुपारी हातातला चहा तसाच ठेवून तुम्ही मॅटलॅबसमोर, म्हणजे आकडेमोड करून आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरसमोर, येऊन बसलात. आभार तेव्हा मानायचे राहिले, म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

नागपूरच्या हवामानाचे पाच आलेख एकाच फिगरमध्ये, म्हणजे एकाच चित्रात, हवे होते. वर कमाल तापमान, किमान तापमान, आर्द्रता आणि वारा असे चार छोटे, खालची अर्धी जागा पावसाला. पण पाऊस काढला की आर्द्रता आणि वारा गायब! एररही नाही. तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांतल्या एकानं सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला सांगितलं, दुसऱ्यानं पाच वेगळी चित्रं वर्डमध्ये चिकटवायला. कोड उघडून कोणी पाहिलासुद्धा नाही.

तुम्ही पाहिला. वरचे चार आलेख तीन ओळी, दोन कॉलमच्या जाळीत होते, सबप्लॉट(३,२,१) ते (३,२,४); सबप्लॉट ही चित्राचे डबे पाडणारी आज्ञा, कंसातले आकडे म्हणजे ओळी, कॉलम आणि डब्याचा क्रमांक. पाऊस मात्र सबप्लॉट(२,१,२) मध्ये, म्हणजे खालच्या अर्ध्या भागात. तो अर्धा भाग मधल्या ओळीवर चढतो, आणि नवा आलेख जुन्यावर चढला की मॅटलॅब जुना मुकाट्यानं काढून टाकतं.

माउस तुम्ही हातात घेतलाच नाही. पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं चार ओळी, दोन कॉलम असे आठ डबे आखले. "पहिले डबे मोजू, मग कोड लिहू," म्हणालात आणि आकडे आडवे घातले: १, २, त्याखाली ३, ४. मॅट्रिक्समधले, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यातले, आकडे मॅटलॅब वरून खाली मोजतं, सबप्लॉटचे डबे मात्र डावीकडून उजवीकडे; भल्याभल्यांची गफलत इथंच होते. मग खोडरबर घेऊन ५ ते ८ मधल्या रेषा पुसल्यात. एक मोठा डबा उरला. सबप्लॉट(४,२,[५ ८]). त्या चौकोनी कंसाचा अर्थ खोडरबरानं जितका लख्ख समजला तितका कुठल्याच हेल्प पानानं समजला नव्हता. स्वतः टाइप केलं असतंत तर मिनिटाचं काम होतं. समोरच्याच्या बोटांनी ते होईपर्यंत तुम्ही शेजारी थांबलात, एकदाही घाई केली नाहीत. इतका चांगुलपणा सहसा वाट्याला येत नाही, काका.

टाइल्डलेआउट या नव्या आज्ञेनं जागा आणखी नीट बसते हेही तुम्ही सांगितलंत, पण ते २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासूनचं आणि लॅबमधली आवृत्ती जुनी.

उठताना म्हणालात, आलेखांचे अक्ष एकमेकांना जोडणाऱ्या लिंकअ‍ॅक्सेसमध्ये 'एक्स' लिहायला विसरू नका. तो लिहिला नाही तर वाय अक्षही जोडले जातात. पावसाचे मिलिमीटर शेकड्यांत, तापमान पन्नाशीच्या आत, त्यामुळे तापमानाची रेष तळाशी चपटी होते. आता जूनवर झूम केलं की पाचही आलेख एकदम जूनवर जातात.

तो कागद प्रबंधाच्या फाइलीत, त्या आकृतीच्या मागेच लावला आहे. पुढच्या मुलांना दाखवायला लागला तर मागून घ्या.

तुमच्या लॅबमधली मुलं