तिन्ही कोटेशनं एका कागदावर मांडून बघितली

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर मध्येच रेंज जाते आणि आकडे नुसते ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, कारण यातलं निम्मं तिच्याबद्दलच आहे.

काल रात्री आपल्या नवीन घराच्या बांधकामाची तिन्ही कोटेशनं समोर घेऊन बसले. तुम्ही म्हणालात की पहिला ठेकेदार स्वस्त आहे, 1,750 रुपये स्क्वेअर फूट, दुसरा 2,050 आणि तिसरा 2,250, मग तिसऱ्याकडे जायचंच कशाला. मलाही आधी तसंच वाटलं. पण रेटच्या पुढचा एरियाचा आकडा बघा ना. पहिल्याने 1,480 स्क्वेअर फूट धरलाय, दुसऱ्याने 1,240 आणि तिसऱ्याने 1,150. घर एकच, नकाशा एकच, मग एवढा फरक कसा? तर पहिल्याने छज्जे, पुढची पडवी, जिना, सगळं पूर्ण रेटने मोजलंय, दुसऱ्याने पडवी निम्मी धरली, तिसऱ्याने फक्त बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट घराचा भाग, धरला आणि बाकीचं त्या रेटमध्येच बसवलं. आता गुणाकार केला तर पहिला 25 लाख 90 हजार आणि तिसरा 25 लाख 87 हजार 500. म्हणजे जो स्वस्त वाटत होता तो अडीच हजारांनी महाग निघाला!

आणि खरी गोष्ट याच्या पुढेच आहे. तिसऱ्याने खाली वेगळी ओळ लिहिलीय, स्टिल्टचे, म्हणजे घर उचलून धरणाऱ्या खालच्या मोकळ्या कॉलमचे, 4 लाख 60 हजार, ती बघूनच तुम्हाला तो महाग वाटला. पहिल्याच्या कोटेशनमध्ये स्टिल्टच नाही. त्याने प्लिंथ, म्हणजे जोत्याची उंची, दोन फूट लिहिलाय. बाबा, दोन फूट प्लिंथ तर आपल्या जुन्या घरालाही होता. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी जमिनीपासून सहा फूट चढलं, म्हणजे घरात चार फूट, स्वयंपाकघराच्या भिंतीवर तुम्हीच पेन्सिलने खूण केलीय, तारीख घालून. त्या रात्री तुम्ही दोघं माळ्यावर बसलेलात आणि मला इथे पुण्यात फोन लागत नव्हता, ती रात्र मी अजून विसरलेली नाही. नवीन घर आपण बांधतोय ते त्या खुणेसाठीच. म्हणून प्लिंथ जमिनीपासून साडेसहा फूट हवाच, त्यात मी एक इंच कमी करू देणार नाही.

मी पहिल्याला फोन करून विचारलं, साडेसहा फुटांवर घ्यायचं तर किती वाढतील. म्हणाला, ताई, काम सुरू झालं की बघू, भराव टाकून उंच करू. पण 1,150 स्क्वेअर फुटांवर दोन फूट भराव म्हणजे 23 ब्रास मुरूम (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), आणि साडेसहा फूट म्हणजे जवळजवळ 75 ब्रास. वरच्या 52 ब्रासचा एक रुपया त्या कोटेशनमध्ये धरलेला नाही. शिवाय एवढा उंच भराव थराथराने, पाणी मारून, धुमस करून घातला नाही तर दोन पावसाळ्यांत बसतो आणि लाद्या खचतात, हे तुम्हालाच जास्त माहीत. त्यापेक्षा खाली नुसते कॉलम, पुराचं पाणी आलं तर खालून निघून जाईल. तिसऱ्याचाच स्टिल्टचा आकडा पहिल्याला लावला तर त्याचे होतात 30 लाख 50 हजार आणि तिसऱ्याचे 30 लाख 47 हजार 500. आणि पहिल्याने सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, खिडक्यांचे ग्रिल, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग यातलं काहीच लिहिलेलं नाही. स्टील "चांगलं" लिहिलंय. चांगलं म्हणजे काय? तिसऱ्याने ग्रेडसकट एफई 500 डी लिहिलंय, कॉंक्रीट एम 20 लिहिलंय, बाहेरून दोन हाती प्लास्टर लिहिलंय. जीएसटी 18 टक्के धरून की वेगळा, ते मात्र तिघांनीही लिहिलेलं नाही, आणि 30 लाखांवर ते सव्वापाच लाखांच्या वर जातं, म्हणून ते आधी विचारायला हवं. दुसऱ्याचं कोटेशन दीड पानाचं आहे पण त्यात भिंतींचा चिरा (जांभा दगड) कुणी आणायचा हेच कळत नाही, तो मी सध्या बाजूला ठेवलाय.

बाबा, मला माहितीये तुम्ही पहिल्याला शब्द दिल्यासारखं झालंय. त्याच्या वडिलांनी आपलं कौलारू घर बांधलं, त्या भिंती पुरातही हलल्या नाहीत, हे मला मान्य आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्याला नाही म्हणा असं मी म्हणत नाहीये. मी एक यादी केलीय, एरिया कसा मोजायचा, प्लिंथ किती, कुठलं मटेरियल, काय धरून आणि काय वगळून, ती एकच यादी तिघांनाही द्या आणि पुन्हा रेट मागवा. मग तो खरंच कमी निघाला तर त्यालाच काम देऊ, मला आनंदच होईल. पण तोपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका. तो 30 टक्के आधी मागतोय, ते नको. पैसे टप्प्याटप्प्याने, फूटिंग म्हणजे पाया झाला की, स्लॅब घालून झाला की, असे, आणि शेवटचे पाच टक्के एक पावसाळा काढल्यावर. आपल्याकडचा पाऊस बघता यात कुणाला राग यायचं कारण नाही.

आणि सगळ्याच्या आधी नगरपरिषदेत जाऊन आपला प्लॉट निळ्या पूररेषेत (नेहमीच्या मोठ्या पुराची हद्द) येतो की निळ्या आणि लाल (क्वचित येणाऱ्या महापुराची हद्द) रेषेच्या मधे, ते लेखी घ्या. मी पुढच्या शनिवारी येतेय, जमलं तर सोमवारी थांबून तुमच्यासोबत येईन.

आता आई तुझ्यासाठी. साडेसहा फूट चढायचं म्हणजे जिना आला, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. रॅम्प करावा असं वाटलं होतं, पण सोपा चढ हवा तर एक फुटाला बारा फूट लांबी लागते, म्हणजे 78 फूट, तेवढं आपलं अंगणच नाही. साडेसहा फूट धरायला सांगितल्यावर पहिल्याने आठ इंचांच्या दहा पायऱ्या काढल्यात. तुझे गुडघे बघता ते जमणारच नाही. सहा इंचांच्या केल्या तर तेरा होतात, जास्त आहेत पण पाऊल कमी उचलावं लागतं, मधे बसता येईल एवढा चौथरा आणि दोन्ही बाजूंना कठडा. जागा आणि खर्च दोन्ही थोडं वाढेल, वाढू दे. स्वयंपाकाच्या ओट्याची उंचीपण तुझ्या मापाने घेऊ, आत्ताचा तुला उंच पडतो. तुळशी वृंदावन तिघांच्याही कोटेशनमध्ये नव्हतं, ते मी यादीत टाकलंय.

एक काम कर. देवळाच्या पायऱ्या तू अजून न थांबता चढतेस ना, तर उद्या संध्याकाळी जाताना बाबांना टेप घेऊन जायला सांग आणि एका पायरीची उंची आणि रुंदी मोजून मला कळव. मी ते माप यादीत लिहूनच तिघांना पाठवते.

तुमची,
मनू