चिपाडातली साखर : मा. सहकारमंत्र्यांना खुले पत्र

मा. सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार,

भाकरीचा घास जरा जास्त वेळ चावला की गोड लागतो. लाळेतलं एन्झाइम पिठातल्या स्टार्चची साखळी तोडतं आणि साखर मोकळी होते. ऊस चावून आपण जो चोथा थुंकतो, त्यातला सेल्युलोजही त्याच ग्लुकोजच्या कड्यांचा बनलेला असतो. फक्त कड्यांची जोडणी निराळी, म्हणून आपल्या लाळेला ती तुटत नाही. गाईच्या पोटातल्या जिवाणूंना तुटते, बुरशीला तुटते.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत २१ वर्षं केमिस्ट आहे. एक टन ऊस गाळला की साधारण ११० किलो साखर हाती येते आणि २८० किलोच्या आसपास ओला बगॅस, म्हणजे चिपाड, उरतो. निम्मं पाणी सोडलं तर कोरडा भाग १४० किलो. त्यात सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज मिळून ९० किलो तरी असतात. ही सगळी बांधलेली साखर आहे. ती सगळीच सुटत नाही, हे मान्य. पण निम्मी सुटली तरी ती कमी नाही.

गेल्या हंगामात मी मूठभर बगॅस दळला, सौम्य आम्लासोबत ऑटोक्लेव्हमध्ये शिजवला, धुतला आणि सेल्युलोज तोडणारं सेल्युलेज एन्झाइम घालून ५० अंशांवर तीन दिवस हलवत ठेवला. मग गाळलेल्या पाण्याचे थेंब डीएनएस या साखर ओळखणाऱ्या द्रावणात टाकून नळी उकळत्या पाण्यात धरली. पिवळं द्रावण पाच मिनिटांत विटकरी लाल झालं. शेजारची, एन्झाइम न घातलेली नळी पिवळीच होती. रोज साखरेची टक्केवारी मोजणारा माणूस मी, पण त्या लाल नळीकडे बराच वेळ बघत राहिलो.

ही साखर आंबवली की इथेनॉल होतं. हे काही नवं नाही. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प सुरू झाला, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचं तंत्र उत्तराखंडमधल्या काशीपूरला रोज १० टन काडीकचऱ्यावर चालवून पाहिलं गेलं. अशा प्रकल्पांना मदत देणारी केंद्राची जीवन योजना २०१९ पासून आहे. शेतकऱ्याच्या मालकीच्या कारखान्याच्या आवारात हे कधी येणार, एवढंच मला विचारायचं आहे.

बगॅस फुकट जात नाही, तो बॉयलरमध्ये जळतो आणि वीज देतो, असं आपले अधिकारी सांगतील. खरं आहे. पण साखर काढून घेतल्यावर मागे राहणारं लिग्निन, म्हणजे चिपाडाला कडकपणा देणारा भाग, चांगलं जळतं, आणि शिवारात पेटवलं जाणारं पाचट तर कुणाच्याच कामी येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा किती आसवनींचं (डिस्टिलरींचं) गणित कोलमडलं, हे आपण पाहिलंच आहे. चिपाडापासूनच्या इथेनॉलमुळे साखरेच्या पोत्याला हात लागत नाही.

खरी अडचण एन्झाइमच्या खर्चाची आहे. त्यावरची वाटही चिपाडातूनच जाते. सेल्युलेज देणारी ट्रायकोडर्मा या बुरशीची जात दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजवताना सापडली होती. तिचं खाद्यच सेल्युलोज. ती बगॅसवर वाढवून एन्झाइम कारखान्यातच तयार करता येईल. हेमिसेल्युलोजमधून सुटणारी झायलोज ही साखर नेहमीच्या यीस्टला आंबवता येत नाही, म्हणून तिचं झायलिटॉल हे गोड द्रव्य करावं. मधुमेहींच्या गोळ्या-च्युइंगममध्ये ते लागतं आणि इथेनॉलपेक्षा त्याला भावही चांगला मिळतो.

आमच्यासारख्या एका कारखान्याचा असा प्रस्ताव एका कार्यालयात दोन वर्षं पडून आहे. होकार नाही, नकारही नाही. माझी मागणी छोटी आहे: एकाच सहकारी कारखान्यात, पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या देखरेखीखाली, रोज एक टन बगॅस घेणारं संयंत्र. गाळप बंद असताना, मे ते सप्टेंबर, आमचे कामगार आणि प्रयोगशाळा दोन्ही मोकळे असतात. पहिली चाचणी तेव्हाच घेता येईल. त्यासाठी मंजुरी येत्या मार्चच्या आत हवी.

दोन्ही नळ्या मी जपून ठेवल्या आहेत. आपण बोलवाल तेव्हा घेऊन येतो.

आपला,
सहकारी साखर कारखान्यातला एक केमिस्ट