ती बंदूक घेऊ नकोस

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

रोजड्यांनी (नीलगायींनी) हरभरा फस्त केला म्हणून गावातल्या मिस्त्रीनं घरी बनवलेली, विनापरवाना बंदूक घ्यावी का, असं विचारतोस. अजिबात घेऊ नकोस. ‘दहा बार काढून दाखवले, काही झालं नाही’ या त्याच्या बोलण्यावर तू विसंबलास, याचीच मला जास्त काळजी वाटते.

कच्ची नळी पहिल्या बाराला फुटू शकते आणि अकराव्यालाही. दर बाराला आतली बारीक भेग थोडी वाढते, बाहेरून काही दिसत नाही. म्हणजे ते दहा बार नळीच्या आयुष्यातून वजा झाले. दाबाचा अंदाज घे. तो ‘बार’ याच नावाच्या एककात मोजतात. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण २ बार असतो. १२ बोअरच्या (छऱ्यांच्या बंदुकीच्या) काडतुसाचा ७०० बारच्या आसपास जातो, .३०३ रायफलच्या काडतुसाचा ३,५०० च्याही वर. अशा बंदुकीला नळी म्हणून लावतात तो पाण्याचा पाइप म्हणजे पत्रा वळवून लांबीला जोडलेला. या दाबाखाली तो त्या जोडावर उभा उकलतो, आणि नळीखाली तुझा डावा हात असतो.

पण नळीपेक्षा मला मागच्या बाजूची भीती अधिक. बार होताना काडतुसाची पितळी पुंगळी फुगून भिंतीला चिकटते आणि वायू अडवते. काडतुसाची जागा सैल असली किंवा नळी मागून बंद करणारा बोल्ट नीट बसत नसला, की पुंगळी ताणते आणि बुडाजवळ फाटते. मग तापलेला वायू आणि पितळेचे कण मागे येतात, दस्त्याला गाल लावलेला असतो तिथे, थेट डोळ्यात. त्यानं दाखवलेल्या रिकाम्या पुंगळ्या आठव. पोट फुगलेलं, कडेला काजळी, बुडाशी गोल चमकती रेघ यातलं काही होतं का? ती रेघ म्हणजे पितळ तिथे तुटायला आलंय.

शिवाय अशा हत्याराचा खटका फारसा भरवशाचा नसतो. भरलेली बंदूक ट्रॉलीतून पडली तरी बार होऊ शकतो. चाप ओढून आवाज झाला नाही, तर लगेच उघडायची नाही. कधी कधी काही क्षणांनी बार होतो. आणि आवाज दबका आला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरा बार काढला की नळी फुटलीच.

घरात गडीमाणसं आहेत, म्हणून हेही लिहितो. कुणाला इजा झालीच, तर डोळा चोळू नये, धुऊ नये, दाबू नये. वर कागदी कप उलटा धरून १०८ ला फोन. रुतलेला तुकडा उपसू नये. बोट तुटलं तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. बोट थेट बर्फावर नको.

कायद्याचं थोडक्यात: २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान २ वर्षं कैद, बनवणाऱ्याला किमान ७. रोजडं तर संरक्षित प्राणी. पीकरक्षणासाठी शस्त्रपरवान्याची वेगळी तरतूद आहे, अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. तोवर बांधाला जाळी लाव.

ती बंदूक त्यानं ‘बघायला’ म्हणून तुझ्याकडे ठेवली असेल, तर उघडू नकोस, हलवू नकोस, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नकोस. ११२ ला फोन करून जशी आहे तशी पोलिसांना उचलू दे. आणि झालं की मला कळव, रात्री कितीही वाजले तरी.

तुझा,
श्रीधर