४५ अंशांत एमएसचा रुग्ण

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हॉलिवूडची अभिनेत्री सेल्मा ब्लेअर हिच्या २०२२ मधील आत्मचरित्राचे परीक्षण आपल्या रविवार पुरवणीत वाचले. सिनेमाची कारकीर्द, २०१८ मध्ये झालेले मल्टिपल स्क्लेरोसिसचे म्हणजे एमएसचे निदान, हातातली काठी, पुढच्या वर्षीचे स्टेम सेल प्रत्यारोपण, सगळे त्यात आले. उष्णतेबद्दल मात्र अवाक्षर नाही. जळगाव-भुसावळात ज्या घरी एमएसचा रुग्ण आहे, त्या घराला काठीपेक्षा मे महिना अवघड जातो.

या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचे मायलिनचे आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती कुरतडते. उघड्या पडलेल्या नसेतून संदेश कसाबसा जातो. अंगाचे तापमान अर्ध्या अंशाने चढले तरी तो अडतो. नजर अंधुक होते, पाय जड पडतात, जीभ अडखळते. व्यायामानंतर नजर अशी अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवले. एमआरआय येण्यापूर्वी तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान पडताळत. अंग गार झाले की लक्षणे ओसरतात. नसेला नवी इजा झालेली नसते.

घरचे लोक मात्र अटॅक समजून थेट स्टिरॉइडचे सलाईन मागतात. खरा अटॅक म्हणजे नवे किंवा बळावलेले लक्षण सलग २४ तासांहून जास्त टिकणे, तेही ताप आणि संसर्ग नसताना. म्हणून आधी थर्मामीटर, मग लघवीची तपासणी. संसर्ग असताना मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड (रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस शिरेतून) दिले तर तो चिघळू शकतो. आणि संसर्गाचे मूळ बऱ्याचदा पाणी कमी पिण्यात असते. सारखी लघवी लागते म्हणून रुग्ण पाणीच तोडतात. एसटी स्टँडवरची स्वच्छतागृहे पाहता बायकांना दोष तरी कसा द्यावा? पाणी कमी, मग संसर्ग, मग ताप, आणि तापाने पाय उचलेनासे होतात.

कूलर आणि मानेवरचे ओले उपरणे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उत्तम काम देतात. मृगाआधीच्या दमट दिवसांत पाणी उडत नाही, तेव्हा दोन्ही निकामी. मग एसी, नाहीतर हातपाय पाण्यात बुडवून बसणे. बाहेर पडण्याआधी अर्धा तास पाय माठाच्या पाण्याइतक्या गार पाण्यात ठेवले, तर पुढचा बराच वेळ निभावतो. बर्फ उघड्या कातडीला लावू नये: बधिर भागाला इजा कळत नाही, आणि एकदम गार लागले की पायांचा ताठरपणा वाढतो. व्यायाम सकाळीच करावा. शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी असते, दुपारनंतर चढते. बंबाचे कढत पाणी दिवाळीच्या अभ्यंगालाही नको, कारण पाटावरून उठताच येत नाही. न्हाणीला आतून कडी तर कधीच लावू नये.

एमएसचे अटॅक कमी करणाऱ्या इंटरफेरॉन या औषधाची इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. काहींच्या वेष्टनावर ‘थोडे दिवस खोलीच्या तापमानात चालेल’ असे असते. ती खोली २५ अंशांची, आपली नव्हे. फ्रिजच्या दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा. भारनियमन लांबले तर बर्फपेटी वापरावी, पण इंजेक्शन बर्फाला चिकटता कामा नये. गोठलेले इंजेक्शन वाया गेले.

परीक्षण वाचून स्टेम सेलची चौकशी सुरू होईलच. ब्लेअरवर झालेल्या उपचारात केमोथेरपीने प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकतात आणि रुग्णाच्याच मूळ पेशी परत देतात. त्या काळात जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. वारंवार अटॅक येणाऱ्या तरुण रुग्णाला याचा उपयोग होतो. वर्षानुवर्षे व्हीलचेअरवर असलेल्याला क्वचितच, कारण जुनी इजा यातून भरून येत नाही. जाहिरातींतले ‘स्टेम सेलचे इंजेक्शन’ म्हणजे हा उपचार नव्हे.

आणखी एक. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मधील २१ प्रकारांत एमएस आहे. पण प्रमाणपत्रासाठीची तपासणी थंडीतल्या सकाळी झाली तर रुग्ण ठणठणीत दिसतो आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी कमी भरते. दुपारी, उन्हाळ्यात काय होते याची न्यूरॉलॉजिस्टने लिहिलेली नोंद आणि एमआरआयचा अहवाल सोबत न्यावा.

– काही फिजिओथेरपिस्ट व औषधविक्रेते, जळगाव